कुठून वाचायचं, कुठे लिहायचं

आमच्या सातपाटीच्या घरात कोणाची काय किंमत आहे हे जेवायला बसल्यावर कळायचं. आई कालवणाचा टोप पुढ्यात घेऊन बसायची आणि पळीनं तुकडे निवडून वाढायची. सरंग्याचा मधला जाड तुकडा बाबा बोटीवरून आलेले असले तर त्यांना, नसले तर माझ्या भावाला, सुधीरला. त्याच्या शेजारचा मला. शेपटी आई स्वतः घ्यायची आणि डोकं वहिनीला. सुधीर गेल्यावर वहिनीच्या ताटात डोकंही येईनासं झालं. नुसता रस्सा यायचा. ती तो भातावर ओढून घ्यायची आणि मान खाली घालून जेवायची. बाबा बघायचे आणि जेवत राहायचे. मीही बघायचे. माझा तुकडा मला गोडच लागायचा, खोटं कशाला बोलू.

वहिनी मासवणची. रंजना तिचं नाव. आई सुक्या बोंबलांच्या गोणी घेऊन मनोरच्या बाजाराला जायची, गोणी उचलायला सुधीर बरोबर असायचा, आणि त्या बाजारात भाजी विकायला बसणारी ही पोरगी त्याच्या नजरेत भरली. दर्याकाठची नाही, आपल्यातली नाही, म्हणून आईनं महिनाभर घरात चूल धडधडत ठेवली आणि शब्द थंड ठेवले. सुधीर हटला नाही. लग्न झालं, पण आई लग्नात परक्यासारखी बसली होती. रंजनाला भातशेतीतलं सगळं यायचं, आमच्याकडचं काही येत नव्हतं. बोंबील दोरांवर टाकायला घेतले की त्या वासानं तिला पहिले काही दिवस उमासे यायचे. पदर नाकाशी धरून ती कशी वाकायची, खोकायची, याची नक्कल मी करायचे. शेजारच्या बायका हसून लोळायच्या. आई माझ्याकडे कौतुकानं बघायची. एकोणीस वर्षांची होते मी, आणि घरातलं कौतुक मला एवढ्या एकाच कामासाठी मिळायचं, म्हणून ती नक्कल मी पुन्हापुन्हा केली. वहिनी दारात उभी असली तरी केली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा सुधीर बोटीवरून पडला. जाळं ओढताना दोर पायात अडकला म्हणे. तीन दिवस बोटी शोधत होत्या. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून दिवस घालायला आई तयार होईना. "माजा पोरगा गेला नाय, येल तो," म्हणायची, आणि त्याच तोंडानं वहिनीला म्हणायची, "नदीतलं मासं खानारी तू, तुज्या पायानं माजा दर्या फिरला." म्हणजे वहिनी धड सवाष्ण नव्हती, धड विधवा नव्हती. तिचं मंगळसूत्र आईनं काढू दिलं नाही आणि तिच्या खोलीतला आरसा मात्र काढून नेला. पहाटेपासून ती बोंबील धुवायची, दोरांवर टाकायची, उलटायची, कावळे हाकलायची. वासानं उमासे येणं केव्हाच थांबलं होतं.

मी या सगळ्यातून रोज सकाळी निसटत असे. बोईसरला एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी काम शिकत होते. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या बिघडलेल्या डिस्क तिथे यायच्या. आमचे सामंत सर त्यांतून माहिती काढून द्यायचे. दुकानात गेलं की मासळीचा वास जायचा, माझं नाव हेमलता व्हायचं, आणि मी खुर्चीवर बसून काम करायचे. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं खुर्चीवर बसून काम केलेलं नव्हतं. ही खुर्ची गेली की पुढे काय, ते मला रोज घरी दिसत होतं: ओट्यावर बसून बोंबील धुणारी वहिनी.

सर हुशार होते आणि दुष्ट होते. चुकलं तर ओरडायचे नाहीत. गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायचे आणि मग गिऱ्हाइकासमोर हसत हसत सालटी काढायचे. माझ्या आधीपासून शिकणाऱ्या एका मुलीनं एका कारखान्याची डिस्क चुकून पुसली, तर सरांनी तिचा डबा तिच्या हातात दिला, दार उघडून धरलं आणि दुकानात बसलेल्या चार माणसांना सांगितलं, "यांना नीट बघून ठेवा. तुमच्याकडे कामाला आल्या तर ओळखायला बऱ्या." ती रडत गेली. मी तिच्या रिकाम्या जागेवर सरकून बसले. तिथे पंखा जवळ होता.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे डीडी नावाची एका ओळीची आज्ञा. काळ्या पडद्यावर टाइप करायची. ती डिस्कमधल्या फाइली, फोल्डर काही बघत नाही. माहिती ज्या लहान लहान ठोकळ्यांत साठवलेली असते, त्यांतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जे असेल ते जसंच्या तसं एका डिस्कवरून उचलते आणि दुसरीवर ओतते. आयएफ म्हणजे कुठून वाचायचं. ओएफ म्हणजे कुठे लिहायचं. बीएस म्हणजे एका वेळी केवढा घास घ्यायचा. सुरुवातीचे काही ठोकळे सोडायचे असले तर स्किप, मोजकेच घ्यायचे असले तर काउंट. आणि आजारी डिस्कसाठी कॉन्व्हपुढे दोन शब्द, नोएरर आणि सिंक: वाचता येत नाही अशी जागा आली तर थांबू नकोस, तिथे शून्यं भर आणि पुढे जा, म्हणजे पुढचं सगळं आपापल्या जागी पडेल. डीडी एकदाही विचारत नाही की बाई, नक्की का? आयएफच्या जागी ओएफ गेलं तर ती तितक्याच इमानानं कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. म्हणून सरांनी एक नेम लावून दिला होता. एंटर दाबण्याआधी पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचं, "आयएफ कोण? ओएफ कोण?" आणि यंत्र बंद होऊन परत सुरू झालं, तर डिस्कच्या पाठीवरच्या लेबलाचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी पुन्हा ताडून बघायचा, कारण दर वेळी यंत्र डिस्कना तीच नावं देईल याचा भरवसा नसतो. या नेमाला आम्ही आरती म्हणायचो आणि सर नसले की तिची टवाळी करायचो. आज मी स्वतः माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलांना हीच आरती शिकवते आणि एकाचंही हसणं खपवून घेत नाही. मुलं मला खडूस म्हणतात, ते मला माहीत आहे.

सुधीरच्या लग्नाचं शूटिंग पालघरच्या एका स्टुडिओनं केलं होतं. आईनं तेव्हा कॅसेट घरात आणू दिली नव्हती. पुढे स्टुडिओवाल्यानं त्या कॅसेटवर दुसऱ्याचं लग्न घेतलं. संगणकात तेवढी एक प्रत राहिली होती, आणि तो संगणकही बंद पडला. वहिनी मासळी घेऊन पालघरच्या बाजारात जायची तेव्हा येता-जाता त्याच्या दुकानात डोकवायची. शेवटी कंटाळून त्यानं डिस्क काढून तिच्या हातात ठेवली. "मेलीय ही. निघालं काही तर तुमचं नशीब." वहिनीनं ती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मासळीच्या पाटीतून घरी आणली आणि आई मागच्या दारी गेलेली बघून माझ्या पुढ्यात ठेवली.

"हेमाताय, तुमच्या दुकानात आशाच डिस्का येतात ना?"

"काय हवंय यातलं तुम्हांला?"

"नाव घ्यायच्या टायमाला ते उखाना विसरले व्हते, म्हाईत हाय ना? आनि हसून नुसतंच म्हनले, रंजना, आता काय बोलू गो? तेवडंच." तिनं आवाज खाली आणला. "चेहरा फोटोत हाय. पन आवाज मी विसरत चाललू. रोज थोडा थोडा जातो. चेहरा नाय निघाला तरी चालंल."

आई नेमकी मागून आली. मला वाटलं, आता डिस्क चुलीत जाणार. पण ती पदराला हात पुसत उभी राहिली आणि डिस्ककडे बघत राहिली. "सुदीरचा आवाज हाय यात?" तिनं मला विचारलं, वहिनीला नाही. मी हो म्हटल्यावर ती आत गेली. त्या दुपारी वहिनीच्या ताटात तुकडा आला. शेपटीकडचा, लहानसा, पण तुकडा. ते बघून माझ्या लक्षात आलं की या घरात आता सगळं या डिस्कवर अडकलेलं आहे.

सरांनी कोपऱ्यातलं जुनं यंत्र वापरायची परवानगी दिली, वर एक कोरी डिस्क उसनी दिली. "घरचं काम आहे म्हणून हयगय नको. चूक ती चूक," एवढं बोलून ते दहा वाजता एका कारखान्यात गेले. मी आरती म्हटली, नंबर ताडले, एंटर दाबलं. आजारी डिस्क पालीसारखी चुकचुक करत चालली होती. मध्येच अडायची, पडद्यावर वाचता न आल्याची ओळ उमटायची, मग पुढे सरकायची. अशी प्रत्येक ओळ आली की ठोकळ्याचा आकडा वहीत लिहायचा, हाही सरांचाच नियम. मी लिहीत होते. दीड वाजेपर्यंत पान भरत आलं होतं आणि साधारण निम्मी डिस्क उतरली होती. तेवढ्यात पंखा थांबला. "लाइट गया!" शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं नेहमीप्रमाणे आरोळी दिली. अणुवीज केंद्र हाकेच्या अंतरावर आणि आमच्या दुकानात मेणबत्त्यांचा खण. बॅटरीनं दोन मिनिटं कूं कूं केलं आणि सगळी यंत्रं बंद पडली.

लाइट आली तेव्हा दोन वाजले होते. मला भूक लागली होती. पहिल्यापासून सुरू करावं म्हणून मी वहीत उतरवलेली सकाळचीच ओळ अक्षर न अक्षर टाइप केली, एंटर दाबलं आणि डबा उघडला. नंबर ताडले नाहीत. आरती म्हटली नाही. दुकानात ऐकायला कोणी नव्हतं.

तांदळाची भाकरी आणि सोड्याचं सुकं होतं डब्यात. मी सावकाश खाल्लं. डिस्क या वेळी छान चालली होती, कुठे अडणं नाही, पडद्यावर एकही चुकीची ओळ नाही. विश्रांतीनं बरी झाली असेल, असं वाटून मी खूश झाले. हात धुऊन आले, तरी ओळ नाही. सकाळी एवढ्या वेळात सात आल्या होत्या. तेव्हा मनात पाल चुकचुकली. आजारी डिस्क न अडता वाचली जाते कशी? वाचली जात नसेल तरच. मी दुसरी खिडकी उघडून नंबर मागवले. लाइट गेल्यावर यंत्रानं दोन्ही डिस्कची नावं अदलाबदल करून टाकली होती. माझी ओळ उसन्या डिस्कवरून वाचत होती आणि सुधीरच्या डिस्कवर लिहीत होती.

इथे मला थांबून नीट सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं यातूनच आलं. ती आज्ञा दोन बोटांनी थांबवता येते. कंट्रोल आणि सी. माझी बोटं त्या कळांवर होती. पण थांबवलं की उरणार होती अर्धवट पुसलेली डिस्क, आणि अशी डिस्क सर एका नजरेत ओळखायचे. माझा डबा, उघडं धरलेलं दार, गिऱ्हाइकांकडे बघून केलेलं ते हसू, हे सगळं मला लख्ख दिसलं. पूर्ण पुसली गेली तर मात्र ती मेलेलीच डिस्क, स्टुडिओवाला म्हणालाच होता. किती झालंय ते मी यंत्राला विचारलं, आकडा वहीत लिहिला, का लिहिला देव जाणे, सवयीनं लिहिला, आणि मी कळांवरून बोटं उचलली. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. पाऊण तास.

संपल्यावर मी ती डिस्क उघडून बघितली. कोरी असेल या खात्रीनं. तर पडद्यावर फोल्डरांची सगळी यादी जशीच्या तशी आली. कुठल्यातरी केळव्याच्या लग्नाची फाइल दाबली, तर सनई वाजायला लागली, नवरी हसत होती. दुसरी दाबली, तीही चालली. मग 'सुधीर-रंजना' लिहिलेलं फोल्डर दिसलं. फाइल होती, नाव होतं, आकारही बरोबर होता. दाबली तर काळा पडदा. आवाज नाही. मी तीनदा दाबली.

मग मी वही उघडली. सकाळी शेवटच्या ओळीपुढे लिहिलेला आकडा मोठा होता, दुपारचा त्याच्या निम्माही नव्हता. समजायला मला दोन मिनिटं लागली. डिस्क म्हणजे एक वही धरली, तर सकाळी जुन्या वहीची निम्मी पानं नव्या, कोऱ्या वहीत उतरवली होती. दुपारी नवी वही जुनीवर गिरवली जात होती. म्हणजे पहिल्या निम्म्या पानांवर तीच अक्षरं परत तिथेच लिहिली जात होती. काही बिघडत नव्हतं. खरी कोरी पानं त्याच्या पुढे सुरू होत होती, आणि सुधीरचं लग्न त्या पुढच्या पानांत होतं. मी कळांवर बोटं ठेवून बसले होते त्या घटकेला काहीच गेलेलं नव्हतं. भावाचा आवाज जागेवर होता. मी दाबलं असतं, सरांना बोलावलं असतं, त्यांनी मला हाकललं असतं आणि वहिनीला तिचं ते एक वाक्य मिळालं असतं.

सर यायला अजून वेळ होता. केळव्याची सनई वाजणारी डिस्क मेलेली आहे असं कोणाला सांगता येणार नव्हतं. मी नवी ओळ टाइप केली. आयएफमध्ये शून्यांचा झरा, ओएफमध्ये सुधीरची डिस्क. या वेळी लेबलाचा नंबर ताडला. पडद्यावर बोट ठेवलं. आरती मोठ्यानं म्हटली. एंटर दाबलं. आयुष्यात एवढी बिनचूक आज्ञा मी क्वचित दिली असेल. मग उसनी डिस्कही पुसली आणि सरांच्या कपाटात ठेवली. सर आले, त्यांनी विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. "मेलेलीच होती," ते म्हणाले आणि चहा मागवला.

घरी दोघी ओट्यावर बसल्या होत्या, आई आणि वहिनी, शेजारी शेजारी. त्या दोघींना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वाटेत मी फक्त 'निघालं नाही' एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण आईनं विचारलं, "का नाय निघाला?" आणि तिची नजर माझ्यावर अशी खिळली की मला ती दुसरीकडे वळवायची होती, कुठेही. मी म्हणाले, "पाणी गेलंय आत. मासळीच्या पाटीतून आणली ना."

तीन पिशव्या मीच सोडल्या होत्या. आतला कागद ठणठणीत कोरडा होता.

आई उठली. "पोरगा बुडवला," ती वहिनीला म्हणाली, अगदी हळू, "आता आवाज पन बुडवला." वहिनी माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "सुकवली तर? सुकवून बगितली तर?" आमच्या घरात सगळंच सुकवलं जायचं, तिला त्यात काही वेडेपणा वाटला नसणार. मी म्हणाले, "बघा सुकवून." आणि आत जाऊन कपडे बदलले. महिन्याभरात तिचा भाऊ येऊन तिला मासवणला घेऊन गेला. नेताना आईनं तिला दोन लुगडी दिली आणि सुधीरचा एकही फोटो दिला नाही. डिस्क तेवढी तिनं मागितली. आई म्हणाली, "ने. काय कामाची ती."

माझी खुर्ची टिकली. पुढे मोठी झाली, नंतर माझ्या स्वतःच्या दुकानातली झाली. आई वारली तेव्हा शेवटच्या आजारातही ती रंजनालाच शिव्या देत होती, आणि मी तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालत ऐकत होते. 'आई, ती नव्हती, मी होते,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्यासाठी मला आठ-दहा वर्षं मिळाली होती, आणि मी ती घालवली. माझ्या पुस्तकात हे प्रकरण लिहिते आहे ते तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून. रंजना वाचते. मासवणच्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तिच्या हातून जातं, असं तिचा भाचा सांगत होता.

गेल्या दिवाळीनंतर मी तिच्याकडे गेले होते. सांगायचं ठरवूनच गेले होते. ती आता अंगणवाडीत स्वयंपाक करते, केस सगळे पांढरे झालेत, दुसरं लग्न तिनं केलं नाही. भावाच्या घरामागे तिची एक खोली आहे. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला बसवेना. नव्या तांदळाचा भात केला, खाडीतल्या मासळीचं कालवण केलं, आणि मधला तुकडा माझ्या ताटात घातला. मी नको म्हटलं तर रागावली. "तुमी माजी नणंद. घरातून एक तुमीच माज्यासाठी कायतरी केला व्हता. मी इसरले नाय."

जेवण झाल्यावर तिनं फळीवरून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे सरकवला. आत तांदूळ होते. तिनं मनगटापर्यंत हात घालून डिस्क वर काढली आणि पदरानं पुसली. "तांदूळ पानी वडून घेतो. दर वर्साला नवं तांदूळ आलं का जुनं काडून नवं घालते." मग जरा लाजून म्हणाली, "हेमाताय, आता तरी सुकली असंल ना पुरी? आता मशीना पन चांगल्या आल्यात म्हनतात."

मी डिस्क हातात घेतली. उलटी केली. लेबल शाबूत होतं, मी चष्मा लावून त्यावरचा नंबर वाचला. तोच होता. ती वाट बघत होती.

"अजून थोडे दिवस राहू दे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, डिस्क परत तांदळात खुपसली आणि झाकण दाबून घट्ट लावलं.